चाकावरची कोपी आणि गॅसचा हीटर

अंकुशनगर,
मंगळवार

आदरणीय पुंजारामदादा यांस, धाकट्या कौसल्येचा मनापासून जयभीम.

डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, पट्टी निघाली आणि आता तुम्ही पेपरातल्या बारीक जाहिरातीसुद्धा मोठ्याने वाचून दाखवता, हे सूनबाईंकडून कळलं. त्यांचा सूर तक्रारीचा होता, पण मला बरं वाटलं. वहिनींची कंबर कशी आहे? त्यांना म्हणावं, हंडे उचलू नका, घरात दोन धडधाकट नातू बसून आहेत. इकडे आम्ही सुखरूप आहोत. म्हणजे मी सुखरूप आहे. तुमच्या दाजींनी गाडी घेतली आहे.

गाडी म्हणजे काय, ते समजावून सांगते. आमच्या जुन्या जीपच्या मागे जोडायची ती दोन चाकांची एक पेटी आहे. हँडल फिरवलं की तिचं छप्पर वर उठतं, चारी बाजूंनी कापडाच्या भिंती ताणल्या जातात आणि आत दोन माणसं झोपतील एवढा पलंग निघतो. पुण्याच्या कोणा हौशी माणसाने हौस फिटल्यावर विकायला काढली होती. दाजींनी सगळी नोकरी साखर कारखान्यात काढली, दर हंगामात ऊसतोडीवाल्यांच्या पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, बघितल्या आणि रिटायर झाल्यावर स्वतःसाठी कोपी विकत आणली. चाकं आहेत, एवढाच काय तो फरक. तिच्यातून आम्ही दोघांनी जानेवारीत बोधगया, सारनाथ आणि कुशीनगर करायचं, असा बेत आहे. तिकडे जानेवारीत थंडी हाडात शिरते म्हणतात, आणि माझे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेत. तेव्हा मी गल्लीतल्या सगळ्या बायांसमोर सांगून टाकलं की त्या कोपीत मी पाय ठेवणार नाही. पुढेही ज्याने विचारलं त्याला तेच सांगितलं. (कोणी विचारलं नाही तरी सांगितलं.)

यावर दुसरा एखादा नवरा भांडला असता. हे हीटर शोधायला लागले.

विजेचा हीटर जीपच्या बॅटरीवर चालत नाही, म्हणून गॅसचा हवा, इथपर्यंत ते स्वतःच्या डोक्याने आले. पुढे लोकांची डोकी लागली. अंबडला एका दुकानदाराने गॅसचा हीटर म्हणून आंघोळीचा गिझर दाखवला. मग हे एका मंगल कार्यालयातून लॉनवर ठेवतात तसला छत्रीवाला हीटर मागून घेऊन आले. तो उभा केला तर आमच्या छपरापेक्षा हातभर उंच. छपराला भोक पाडता येईल का, यावर यांची आणि कडूबांची दुपारभर चर्चा झाली. (कडूबा म्हणजे यांचे कारखान्यातले मित्र. बॉयलरवर होते, त्यामुळे आगीच्या कोणत्याही प्रश्नावर त्यांचं एकच मत असतं, की मोठं घ्या.) मला काय, मी थोडीच जाणार आहे.

शेवटी जुन्या जालन्यातल्या इमरानच्या दुकानात एक लहानसा हीटर मिळाला. छोट्या टाकीवर चालतो, हातात धरून नेता येतो. कलंडला तर आपोआप विझतो आणि आतली हवा कमी पडली तरी विझतो. मात्र खिडकी चार बोटं उघडी ठेवायचीच, आणि झोपताना हीटर बंद करायचा, असं इमरानने बजावून सांगितलं. म्हणजे बघा दादा, थंडी वाजू नये म्हणून हीटर, हीटर गुदमरू नये म्हणून खिडकी उघडी, आणि त्या खिडकीतून थंडी. मी म्हटलं, त्यापेक्षा हीटर घरीच ठेवा आणि खिडकी लावून घ्या. हे हसले नाहीत. वहीच्या पुठ्ठ्याचा चार बोटांचा तुकडा कापून, खिडकी तेवढीच उघडी राहावी म्हणून त्यांनी तो फटीत बसवला.

मग चाचणी. आपल्याकडे हिवाळ्यात कुठे विस्तव पेटला की हुरडा भाजायचा असतो, हे हीटर बनवणाऱ्याला कोणी सांगितलेलं नसावं. शेजारच्या साळूबाई ज्वारीची कणसं घेऊन आल्या, त्यांच्या मागोमाग सगळी गल्ली आली. पलंगावर बाया, खाली पोरं, दारात कडूबा. वारा लागतो म्हणून कोणीतरी पुठ्ठा काढून खिडकी लावून घेतली. हीटर पेटला आणि थोड्या वेळाने विझला. परत पेटवला, परत विझला. यांचा चेहरा एवढा उतरला की मलाच वाईट वाटलं. यांनी इमरानला फोन करून हीटर खराब निघाल्याचं सांगितलं. इमरानने विचारलं, “चाचा, आत माणसं किती हायेत?” हे म्हणाले, “बाहेरचं कोणीच न्हाई. गल्लीतलेच हायेत.”

सगळ्यांना उतरवल्यावर हीटर बिलकुल बराबर चालला. दाणे काढून देण्यापुरती मी आत गेले होते. (हीटरच्या जाळीत हुरडा अडकला होता, तो काढायला बायकांचीच बोटं लागतात.) तिथे ऊब बरी होती. गुडघ्यांनी काही म्हटलं नाही. मला झोप लागली असं साळूबाई सगळीकडे सांगत फिरतात. मी फक्त डोळे मिटले होते. उघडले तेव्हा हे खिडकीशी बसले होते. पुठ्ठा कोणीतरी हरवला होता, म्हणून फटीत स्वतःची चार बोटं घालून. बाहेरच्या वाऱ्याने बोटं गार पडली होती. एकदाही म्हणाले नाहीत, की चल.

तर असं आहे. येत्या सोमवारी गाडी निघते. मी येत नाही म्हटल्यावर यांनी माझ्या जागी कडूबांना विचारलं आहे, आणि कडूबा हो म्हणाले आहेत. चांगलंच झालं. सोबत झाली. मी घरी राहून गोधड्या धुणार आहे.

वहिनींना जयभीम, नातवंडांना आशीर्वाद.

तुमची धाकटी,
कौसल्या

ता. क. गोधड्या दिवाळीतच धुऊन झाल्या आहेत.

ता. क. २. दादा, सगळ्या गल्लीसमोर नाही म्हणून बसले आहे, आता स्वतःच्या तोंडाने हो कसं म्हणू? मला जायचं आहे. यांच्याबरोबरच जायचं आहे. माहेरचा शब्द मी मोडत नाही, हे इथे सर्वांना माहीत आहे. तेव्हा पत्र मिळताच संध्याकाळी यांच्या फोनवर फोन करा. हे फोन ओट्यावर बसून स्पीकरवर लावतात. मला चांगलं रागवा आणि जायचा हुकूम सोडा. मी थोडी नाही नाही म्हणेन, तिकडे लक्ष देऊ नका. जल्दी करा, कडूबांनी कानटोपी विकत घेतली आहे.