काटा ज्या बाजूला, ती टाकी

सर, आज सकाळी एका नव्या मुलीला शिकवताना तोंडातून तुमचंच वाक्य निघालं. "काटा ज्या बाजूला, ती टाकी." यवतमाळच्या धावपट्टीवर तुम्ही मला पहिल्या दिवशी सांगितलेलं. विमानाच्या दोन पंखांत इंधनाच्या दोन टाक्या, इंजिन पिणार एका वेळी एकीतूनच. एकीतूनच जाळत राहिलं तर दुसरा पंख जड होऊन झुकायला लागतो. म्हणून घड्याळाचा मिनिटकाटा उजव्या अर्ध्यात असेल तर उजवी टाकी, डाव्यात गेला की डावी. मुलीला ते लगेच पटलं. मलाही तेव्हा असंच पटलं होतं.

आठवतं, सर? घाटंजीच्या वर आहोत आपण. खाली कपाशी फुटलेली, आणि मी हँडल उजवीकडे दाबून धरलंय. हात भरून आलाय, तरी सोडत नाही. तुम्ही गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून खिडकीबाहेर बघताय. तिथूनच म्हणता, "काहून दाबून राह्यला बे इतका? डावीकडं जड झालं, जहाज सांगून राह्यलं ना तुले. कोणाचं ऐकतच नाई का तू?" मग पंप चालू, टाकी डावी, प्रेशर बघ, पंप बंद. हळूहळू पंख आपसूक सरळ होतो. ते पंखाचं सरळ होणं मला अजून आवडतं.

पहिल्यांदा एकटा उडून उतरलो, तेव्हा तुम्ही पंखाखाली उभे होता. पाठ थोपटली नाही. प्लास्टिकच्या पन्नीतला खर्रा मन लावून घोटलात आणि अर्धा माझ्या हातावर ठेवलात. "घे, आता तू पायलट झाला." मी तोवर सुपारीला शिवलो नव्हतो. पण तुमच्या हातचा तो मान नाकारायचा कसा? डोकं गरगरलं, तुम्ही पोट धरून हसलात. त्या दिवसाइतका आनंद मला पुन्हा झाला नाही. सर, त्याच दिवसाचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

तुमचा खर्रा नेहमी डाव्या गालात. शेवटी तोच गाल गेला. नेरला तुमच्या घरी भेटायला आलो, तेव्हा अर्धा चेहरा बांधलेला होता आणि तुम्ही नळीनं पाणी पीत होता. परतताना एसटीत मला वाटलं, सरांनी सगळा भार एकाच बाजूला टाकला, तिथं चुकलं. आपणही खर्रा सोडावा, असं मनात आलंच नाही. मी आपला तुमचा नियम लावला. अर्धा तास उजवा गाल, अर्धा तास डावा. पानठेल्यावर मित्रांना हे अक्कल पाजळून सांगायचो आणि तेही माना डोलवायचे.

आता तोंड पुरतं उघडत नाही, दोनच बोटं जातात. नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, त्रास कुठल्या बाजूला आहे? म्हटलं, दोन्हीकडे सारखा. त्यांनी दोन्ही गालांतून तुकडे काढून तपासायला पाठवलेत, पण त्यांचा चेहरा बघून मला कळायचं ते कळलं. उडणं तर बंद होणारच. बायको पोळी दुधात कुस्करून पुढं ठेवते. तिखट मागितलं की पाठ फिरवून उभी राहते.

त्या मुलीची एकटीची भरारी पुढच्या महिन्यात आहे. ती उतरेल तेव्हा पंखाखाली मी उभा असेन की नाही, ठाऊक नाही. असलो तर तिच्या हातावर काय ठेवायचं, हे विचारायला तुम्ही नाही आहात. हे पत्र धाडायला पत्ताही नाही, म्हणून घडी घालून उशीखाली ठेवणार आहे.

एक सांगायचं राहिलं, सर. लिहितालिहिता भिंतीवरचा मिनिटकाटा सहाच्या पुढं गेला, आणि मी आत्ताच खर्र्याची गोळी डाव्या गालात सरकवली.