एस म्हणजे सर्च

८ सप्टेंबर, सोमवार
आज अपमान झाला. सर्व्हरचा काळा पडदा सगळ्या टीमला दाखवत होतो. मागच्या आठवड्यातली एक कमांड हवी होती. वरचा बाण दाबत गेलो; जुन्या कमांड एकेक करून वर येतात. चाळिसाव्या वेळी सिंचना म्हणाली, सर, कंट्रोल-आर दाबून दोन अक्षरं टाइप करा, लगेच सापडेल. सगळ्यांसमोर. ही मुलगी माझ्या हाताखाली आली तेव्हा तिला लॉगिन करता येत नव्हतं.
बाणच दाबत राहिलो. सापडली. सत्तरावी होती.

९ सप्टेंबर, मंगळवार
ठरलं. स्वतःचे शॉर्टकट. कोणती कळ काय करेल ते लिहायला शेलची, म्हणजे त्या काळ्या पडद्यामागच्या प्रोग्रामची, एक फाइल असते. ती मी लिहिणार. बाण बंद. माऊस बंद.
२४ तारखेला बंगळुरूहून मोठे साहेब भुजंगराव येणार. नव्या सर्व्हरवर स्थलांतर कसं होतं ते पाहणार आणि टीमचा लीड, म्हणजे प्रमुख, ठरवणार. मी किंवा सिंचना. अठरा वर्षं सर्व्हर मी सांभाळले, त्यामुळे प्रश्नच नाही. फक्त हात जलद दिसले पाहिजेत.
कंट्रोल-आर वापरणार नाही. ती तिची कळ. एस म्हणजे सर्च. माझा शोध कंट्रोल-एसवर. इतकी साधी गोष्ट आजवर कोणाला कशी सुचली नाही?

११ सप्टेंबर, गुरुवार
फाइल सर्व्हरवर टाकली. कंट्रोल-एस दाबलं आणि पडदा गोठला. नेटवर्क नेमकं तेव्हाच जातं. खिडकी बंद केली, दुसरी उघडली, कंट्रोल-एस. पुन्हा तेच.
तक्रार नोंदवली. नेटवर्कचं काम निवृत्ती पाहतो. इथल्या, म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातला. चार पिढ्या इथे टेलरिंगचं दुकान, आणि याला कशाचीच घाई नाही. आला, मोजलं, म्हणाला, लाइन बरोबर हाय की सर, स्पीड नव्वद यायलंय. मला आकडे नकोत.

१४ सप्टेंबर, रविवार
शॉर्टकट बावीस झाले. घरी सराव. घरच्या लॅपटॉपवरही शोधताना गोठतो. म्हणजे रॅम कमी. तीही तक्रार टाकली. अलका म्हणते, जेवणाच्या टेबलावर कळा आपटू नका, ताटं हलतात. हा राग नाही, सराव आहे, असं सांगितलं. ती ताटं घेऊन हॉलमध्ये गेली.

१८ सप्टेंबर, गुरुवार
बन्नीमंटपाला दसऱ्याच्या परेडची तालीम. रस्ता बंद. चाळीस मिनिटं उशीर. सिंचनाने मीटिंग माझ्याशिवाय सुरू केली होती.
तक्रार सातवी. निवृत्ती विचारतो, शोधतानाच का अडकतंय, सर? म्हटलं, शोधाचा भार पडतो. कीबोर्डाचं काय तरी बदलला काय, सर? उत्तर दिलं नाही. उत्तर न देणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.
संध्याकाळी सिंचना आली. तुमची फाइल एकदा बघू का, सर? नाही म्हटलं. तिला आयती हवी आहे.

२३ सप्टेंबर, मंगळवार
उद्या. निवृत्तीकडून नवी केबल टाकून घेतली. अकरा तक्रारींनंतर एक केबल. वर म्हणतो, सुम्ने, उगाच बदलतोय बघा, जुनी पण चांगलीच होती.
आता अडणार नाही. चाचणी घेतली नाही. नव्या केबलची चाचणी घेणं म्हणजे आपल्याच तक्रारीवर अविश्वास.

२४ सप्टेंबर, बुधवार, दुपारी ४
भुजंगराव आले. म्हैसूरच्याच जुन्या मराठी घरातले, पण ऑफिसात कन्नडच बोलतात. मराठी विसरले असणार असं मी धरून चाललो होतो.
मोठ्या पडद्यावर काम सुरू. दहा मिनिटांत सहा शॉर्टकट वापरले. सिंचना पाहत होती. मग एक जुनी कमांड हवी होती. कंट्रोल-एस. गोठला.
भुजंगराव फोन बघू लागले. सिंचना काही सांगू लागली, मी हात वर करून थांबवलं. पडदा मेलेला. मेलेल्या पडद्यावर काय टाइप केलं ते कोणाला दिसणार? रोमन अक्षरांत तीन ओळी टाइप केल्या. प्रत्येक ओळीनंतर एन्टर आपटला.
सिंचना वाकली आणि कंट्रोल-क्यू दाबलं. कंट्रोल-एसने टर्मिनल थांबतं, सर, ती त्याची फार जुनी कळ आहे, क्यूने सुटतं. थांबलेलं असताना टाइप केलेलं आत साठून राहतं.
साठलेलं सगळं मोठ्या पडद्यावर आलं. प्रत्येक ओळीखाली शेलचं उत्तर.
भुजंगरावांना यातलं काही कळत नाही. 'भुजंगरावांना' : कमांड नॉट फाउंड.
अठरा वर्षं मी सांभाळलं. 'अठरा' : कमांड नॉट फाउंड.
मला लीड करा. 'मला' : कमांड नॉट फाउंड.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. भुजंगरावांनी चष्मा लावून तिन्ही ओळी सावकाश वाचल्या.
"घरात मराठीच बोलतोय आम्ही, त्र्यंबक," ते म्हणाले. "ही तिसरी ओळ तोंडानं का सांगितली नाहीस? अठरा वर्षांत एकदा पण?"
उरलेलं स्थलांतर सिंचनाने केलं. एकवीस मिनिटं.

३० सप्टेंबर, मंगळवार
सिंचना लीड. अलकाला सांगितलं, मीच नको म्हटलं. तिने ताट वाढलं.
आज ऑफिसात आयुधपूजा. सगळ्यांचे कीबोर्ड पुसून ठेवलेले, कुंकू लावायला. नव्या लीडची पहिली सूचना माझ्यासाठी: सर, पूजेआधी तुमच्या तक्रारी तेवढ्या बंद करा. म्हटलं, आज आयुधाला हात लावत नाहीत. ती म्हणाली, पूजा चारला आहे, सर.
तक्रार बंद करताना कारण निवडावं लागतं. नेटवर्क, केबल, यंत्र, वापरणारा. पहिलं निवडलं तर तक्रार परत निवृत्तीकडे जाते. तो समोरच झेंडू ओवत बसला होता.
चौथं निवडलं. एकेक तक्रार उघडायची, खाली जायचं, निवडायचं, जतन करायचं. अकरा वेळा. एकदम करायची सोय नाही.
खाली जायला बाणच लागतो.