तुतीखालची वायर

ताश्कंद,
१२ नोव्हेंबर

माझ्या हमदमजानला,

तुझ्या ओपाचे, थोरल्या बहिणीचे, खूप खूप आशीर्वाद. तब्येत बरी आहे ना? तिकडे कोरियात थंडी सुरू झाली असेल. तू फोन उचलत नाहीस, म्हणून तळमजल्यावरच्या समदच्या मुलाच्या हाती हे पत्र देते आहे. तो तुझ्याच शहरात कामाला निघालाय. पत्र काही तुला बंद करता येणार नाही.

इकडे सगळे बरे आहेत, असं लिहायची पद्धत आहे, तर लिहिते. आईचे गुडघे दुखतात. यंदा बिहीची फळं भरपूर आली. आईने मुरंबा घातला, पण बरणी उघडायचं कुणाच्या मनात येत नाही. बाबा आवारातल्या लाकडी बाजेवर बसून चहा पितात. पूर्वी भोवती माणसं असायची, हल्ली एकटेच असतात.

तुझ्या बायकोच्या, नफोसतच्या कबरीवर मी दर शुक्रवारी जाते. तू लावायला सांगितलेलं गुलाबाचं रोप जगलंय.

तिसऱ्या मजल्यावरचा शोकिर अजून कोठडीतच आहे. त्याची बायको बरनो आमच्या दारात गरम नान ठेवून जाते. घंटा वाजवत नाही, वर बघतही नाही. बाबा तो नान खाऊ देत नाहीत आणि भाकरी टाकायची नसते, म्हणून आई तो खिडकीत चिमण्यांना कुस्करते. एवढा चांगला नान, हमदमजान.

बाबांनी तुला निरोप पाठवलाय, ठाऊक आहे मला. तू माफ केलंस तर खटला मिटतो, नाही केलंस तर शोकिर तुरुंगात जातो. माफीच्या कागदावर सही तुझी आहे. शोकिर निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. गाडी चार्ज करायला तिसऱ्या मजल्यावरून विजेची वायर सोडायची, ती जमिनीवरून नेऊन मध्येच जोडायची आणि जोडावर प्लास्टिकची बाटली चढवायची, हा शुद्ध गाढवपणाच होता.

पण तू इथे नव्हतास. वसंतात काय झालं ते तुला कुणी सांगितलेलं नाही.

कंपनीची माणसं आली होती, आवारात विजेवरच्या गाड्या चार्ज करायचा खांब बसवायला. फुकट. लोकांनी फक्त हो म्हणायचं होतं. बाजेजवळची मोकळी जागा त्यांना सोयीची वाटली. बाबा म्हणाले, ती जागा लग्नातल्या पुलावाच्या कढईची आणि जनाज्याची आहे. शोकिर बिचारा छातीवर हात ठेवून उभा होता. टॅक्सीवर घर चालतं त्याचं. बाबांना म्हणाला, "अमाकी, खांब किती जागा घेणार? खिडकीतून वायर सोडायला मलाही बरं वाटत नाही." बाबा सगळ्यांदेखत म्हणाले, "आणि उद्या कुणी मेलं, तर जनाजा तुझ्या खांबाला टेकवून ठेवू?"

सगळे हसले. मीही हसले. बाबा नाही म्हणाले म्हणजे अख्ख्या इमारतीचा नकार. वर त्यांनी शोकिरला गाडीही बाजेजवळ लावू दिली नाही, पार तुतीच्या झाडापलीकडे पिटाळली. त्याची वायर तिथवर पुरेना, म्हणून तो जोड आला.

त्या राखून ठेवलेल्या जागेवरून पहिला जनाजा नफोसतचा उठला.

आपल्या इमारतीत आवारात सडा घालणारी सून एकच उरली होती. बाकीच्या पोरी आपापला उंबरठा झाडून मोकळ्या होतात. पण बाबांना कौतुक, आमच्या सुनेचं अंगण बघा म्हणून. तीही पहाटे उठून तुतीपर्यंत पाणी शिंपडायची. त्याच ओल्या जमिनीवर त्या जोडाचा झटका बसून ती गेली. एवढं तुला माहीत आहे.

पुढचं तुला माहीत नाही. आईने बिही चिरताना मला सांगितलं. आदल्या दिवशी न्याहारीला नफोसत म्हणाली होती, "तुतीजवळ ओल्या जमिनीवर पाय ठेवला की मुंग्या येतात." बाबांनी मान वर न करता सांगितलं, "रबरी गलोश घाल. शेजाऱ्यांच्या तक्रारी सुनेच्या तोंडी शोभत नाहीत." तिने घातले. आईचे जुने, टाचेला फाटलेले.

बाबा शोकिरला एक शब्द बोलले असते तर त्याने वायर तेव्हाच ओढून घेतली असती. पण मग खांबाची गोष्ट पुन्हा निघाली असती आणि बाबांना मागे यावं लागलं असतं. म्हणून ते गप्प बसले आणि अजून गप्पच आहेत. शोकिरही गप्प आहे. वायर माझी होती, एवढंच तो सांगतो. म्हाताऱ्या माणसाचं नाव घेत नाही.

कंपनीची माणसं परत येऊन गेली. बाबा म्हणाले, जिथे माझ्या सुनेचा जनाजा ठेवला तिथे खांब लावू देणार नाही. लोकांनी माना खाली घातल्या. इतरांच्या वायरी खिडक्यांतून तशाच लोंबतायत. आणि दुसऱ्या मजल्यावर नवी सून आली आहे. सासूने तिच्या हातात बादली दिलीय.

मी तपासनीसाला सगळं सांगून आले. तो म्हणाला, तुम्ही ऐकीव सांगताय, ज्यांनी ऐकलं त्यांना आणा. आई बाबांविरुद्ध माझ्यासाठी तोंड उघडणार नाही. तू विचारलंस तर उघडेल. तुझ्याशी ती कधी खोटं बोललेली नाही.

सही करण्याआधी तिला फोन कर. बाबा शेजारी असताना कर, स्पीकरवर. मग तुला माफ करायचं असेल तर कर, नसेल तर नको करूस. पण कुणाला ते नीट कळून कर.

तपासनीसाकडे गेले म्हणून बाबांनी मला सांगितलंय, मी मेलो तरी माझ्या मातीला येऊ नकोस. मी जाणार नाही.

तुझी बहीण, आता त्या घरची कुणी नसलेली,
मुअत्तर