सुटला कीं सोडलास

अप्पा,

गेल्या महिन्यात आपल्या घरी एक पाहुणा जेवून गेला आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली. तुम्हाला विचारून काही कळेल असं नाही, पण दुसऱ्या कुणाला विचारावं तेही समजत नाही.

तुम्ही मोजणी खात्यात होतात. एखाद्या गावी शेताची हद्द ठरवायला गेलात की त्या घरचं पाणीसुद्धा घेत नव्हतात. आई ताकाची बाटली भरून द्यायची, ती मोपेडच्या पिशवीत असायची. एका सुट्टीत मला मागे बसवून नेलं होतं. कालव्याच्या कडेला दोन भाऊ बांधावरून भांडतायत, आणि त्यातला धाकटा माझ्या हातात शहाळं ठेवतो. तुम्ही मोजणीची साखळी खाली ठेवता, शहाळं माझ्या हातातून काढून त्याला परत देता आणि पुन्हा साखळी उचलता. मी आठ वर्षांचा होतो. मला तहान लागली होती, एवढंच मला कळत होतं.

आता त्या मॅचबद्दल. मी चोवीस वर्षांचा, मद्रासच्या फुटबॉलमध्ये दुसऱ्या डिव्हिजनला गोली, म्हणजे गोल राखणारा. सीझनची शेवटची मॅच एका सरकारी ऑफिसच्या टीमशी होती. त्यांना एक पॉइंट मिळाला नाही तर ते खालच्या डिव्हिजनमध्ये जाणार होते. आम्हाला जिंकून काही मिळणार नव्हतं, हरून काही जाणार नव्हतं. आदल्या दिवशी प्रॅक्टिस संपल्यावर बुटांच्या नाड्या सोडताना आमचा स्टॉपर, गोलपुढे बचावाला उभा राहणारा, माझ्याशेजारी येऊन बसला. म्हणाला, "उद्या त्यांना एक पॉइंट हवाय. पुढल्या वर्षी ते नवा गोली घेणारेत, ऑफिसात कायमची नोकरी देऊन." मी काय बोललो? मला आठवतं त्याप्रमाणे काहीच नाही. बूट उचलले आणि नळाकडे गेलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही एका गोलनं पुढे होतो. शेवटची पाच मिनिटं राहिलेली. त्यांच्या एकानं लांबून मारला, अगदी नरम शॉट. मैदान कोरडं, ऊन माझ्या पाठीवर. एक टप्पा पडला, मी गुडघा टेकला, दोन्ही हात खाली नेले, आणि बॉल हातांमधून, पायांमधून आत गेला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. आवाज म्हणजे कुणीच न ओरडल्याचा. स्टॉपरनं मागे वळून पाहिलं आणि लगेच मान फिरवली. बरोबरी झाली, त्यांना पॉइंट मिळाला.

चार दिवसांत क्लबनं चौकशी लावली. मी तंजावूरला घरी आलो तेव्हा तुम्हाला क्लबचा फोन आधीच आला होता. आई स्वयंपाकघरात चिंचेचा कोळ काढत होती, तुम्ही दारात उभे. बॅगही खाली ठेवली नव्हती. तुम्ही विचारलंत, "सुटला कीं सोडलास?" मी म्हणालो, "सुटला." आईनं हात थांबवले. तुम्ही म्हणालात, "बरं. पाय धू, जेवायला बस."

त्या आठवड्यात तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर मद्रासला आलात. क्लबच्या सेक्रेटरीसमोर खुर्चीच्या कडेवर बसलात. "मला हा खेळ समजत नाही," तुम्ही तमिळमध्ये सांगितलंत. "मुलगा म्हणतो सुटला. त्याच्या शब्दावर मी सही करतो." त्यांनी खरंच कागद पुढे केला आणि तुम्ही खरंच सही केलीत. मोजणीच्या नकाशावर करायचात तशी, अक्षर न् अक्षर वाचता येईल अशी. चौकशी बंद झाली. मला मात्र परत खेळवलं नाही. परतीच्या गाडीत तुम्ही म्हणालात, "सगळ्यांचे सुटतात कां?" मी म्हणालो, सुटतात. "मग त्यांना कां विचारत नाहीत?" तुम्ही मला धीर देत होतात की तपासत होतात? मला तेव्हाही कळलं नाही. त्यानंतर सहा महिन्यांनी तुम्ही मोजणीला जाणं सोडलंत, ऑफिसातलं टेबल मागून घेतलंत. गुडघे दुखतात म्हणालात. दुखतही असतील.

पुढची सतरा वर्षं मी बॅग घेऊन हिंडलो. कोइमतूर, मग केरळात कापणी झालेल्या भातशेतांवरच्या सात-सात जणांच्या मॅचेस, गोव्यात एक अख्खा सीझन नुसता बाकावर. कोल्हापुरात दोन वर्षं. तिथे मी आपली तंजावरी मराठी बोललो की पोरं हसायची, म्हणायची, हा जुन्या नाटकातलं बोलतो. पण खाणावळीतल्या काकूंनी मला फळ्यावरचा मेनू वाचायला लावून ही देवनागरी अक्षरं शिकवली, ज्यांत आता लिहितोय; तोवर मला तमिळच लिहिता यायचं. कुठेही गेलो तरी मी दुसरा नाहीतर तिसरा गोली. पहिल्याला लागलं की उतरायचं, तो बरा झाला की बसायचं. नरम शॉट आला की मी हात न लावता पायानंच बाहेर मारायचो. जोरातले मी बरे अडवायचो.

गेल्या महिन्यात आलेला पाहुणा म्हणजे तो स्टॉपर. बायको-मुलीला घेऊन मोठ्या देवळात आला होता, कुणाकडून तरी माझा नंबर मिळवला. जेवला, आईच्या पाया पडला. ऑटोपर्यंत सोडायला गेलो तेव्हा म्हणाला, "तू तेव्हा माझा शब्द राखलास. मी त्या ऑफिसवाल्यांना सांगून बसलो होतो."

मी म्हणालो, "तो सुटला होता."

तो हसला. वाईट नाही, प्रेमानंच. "असू दे रे. आता कोण विचारतंय? तू मान हलवलीस ना, नाड्या सोडताना."

"कशी हलवली?"

त्यानं हलवून दाखवली. आपण सगळे हलवतो तशीच, जी हो असते, बघू असते, ऐकलं असते आणि सोड हा विषय असतेसुद्धा. ऑटो निघून गेली आणि मी तिथेच उभा राहिलो.

आता मी इथल्या एका शाळेत मुलांना फुटबॉल शिकवतो. परवा मुलांना सांगितलं, लांबून नरम मारा, एक टप्पा देऊन. वीस मारले. वीसच्या वीस माझ्या हातात आले, सेहेचाळिसाव्या वर्षी. मुलांना वाटलं, सर काहीतरी नवीन शिकवतायत. पण त्यानं काय ठरलं? तेव्हा हातांना माझ्या आधी काही कळलं होतं का? की मीच त्यांना सांगितलं आणि विसरलो? मी खोटं बोललो असेन तर तुमची सही खोटी. खरं बोललो असेन तर इतकी वर्षं मी कुणापासून तोंड चुकवत होतो?

हे पत्र वहीतच राहील. आईला ही अक्षरं वाचता येत नाहीत, तेवढं बरं आहे. पण एक गोष्ट लिहायलाच हवी. त्या मॅचनंतर तीन महिन्यांनी एक लांबट पाकीट आलं होतं. तुम्हीच दारापुढच्या तिण्णैवर बसून पोस्टमनकडून घेऊन माझ्या हातात दिलंत आणि विचारलंत, काय आहे. मी म्हणालो, क्लबची नोटीस. ते त्या ऑफिसचं नोकरीसाठी बोलावणं होतं, अप्पा. मी गेलो नाही. गेलो असतो तर तुमच्या त्या प्रश्नाला 'सोडला' असं उत्तर दिल्यासारखं झालं असतं. त्यानंतर तुम्ही तेरा वर्षं होतात, आणि दर पोंगलला कुणी ना कुणी तुम्हाला विचारायचं, मुलाला कायमची नोकरी लागली का. तुम्ही मान खाली घालून नाही म्हणायचात. मी शेजारीच बसलेला असायचो, आणि एकदाही तोंड उघडलं नाही.