आईची केळ

४ सप्टेंबर
सकाळीच मंदाबाई कुंपणावरून ओरडल्या — "आबा, तुमनी केळना पानं पिवळा पडी ऱ्हायनात!" शेजारीण बरी, पण बातमी अशी फेकून मारते!
पाहिलं. खरंच, पिवळ्या रेघा. नवं पान तर उलगडण्याआधीच वेडंवाकडं.
एकाहत्तर साली जळगावात मास्तरकी लागली, तेव्हा आईनं चोपड्याहून निघताना तिच्या केळीचं पील दिलं होतं, बुडाशी फुटलेला कोंब, ओल्या फडक्यात गुंडाळून. एसटीत मांडीवर घेऊन आलो. कंडक्टर म्हणाला, याचं अर्धं तिकीट काढा! तेव्हापासून एक केळ घड देऊन जाते, तिच्या बुडाशी पील उभं असतंच. म्हणजे तीच केळ. त्रेपन्न वर्षं.

५ सप्टेंबर
सून रत्ना टिश्यू कल्चरच्या लॅबमध्ये आहे, केळीची रोपं करते. तिनं पान उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाली, "व्हायरस आहे आबा. उपटून जाळावी लागेल. मंदाबाईंच्या केळींनाही लागेल नाहीतर."
चहा तसाच राहिला.

७ सप्टेंबर
रत्नानं एक वाट काढली आहे. कोंबाच्या अगदी टोकाला पेशी इतक्या भराभर दुभागतात की व्हायरस बहुतेक वेळा मागेच राहतो. तेवढं टोक काढून लॅबमध्ये काचेच्या नळीत वाढवायचं. राजगिऱ्याच्या दाण्याएवढं! पण त्यासाठी शेवटचं पील कापावं लागणार. जगलं तर जगलं.
"आणि वाढलं तर ते आईचंच का?" मी विचारलं.
तिनं रद्दी कागदावर दोन ओळी काढल्या. म्हणाली, पेशीतला सगळा मजकूर असा जोडओळींत असतो, अक्षरं चारच. पेशी दोन व्हायच्या आधी जोडी उकलते. प्रत्येक जुन्या ओळीसमोर नवी ओळ जुळत जाते — ए समोर टी, सी समोर जी. शेवटी जोड्या दोन. प्रत्येकीत एक ओळ जुनी, एक नवी.
मला माझा वर्गच दिसला! मी फळ्यावर एक ओळ लिहायचो, दुसरी मुलांनी जुळवायची. 'आभाळाची पाटी कोरी' — आणि मागच्या बाकावरून उखर्डू: 'मास्तरांच्या हाती दोरी!' वर्ग फुटला हसून. मीसुद्धा.
रत्ना हसली. "नाही आबा, पेशीला इतकी मोकळीक नाही. समोर जे आहे त्याचंच जोडीदार अक्षर. चुकलं तर पेशी तिथल्या तिथे तपासून काढून टाकते. तरी कोट्यवधींत एखादं निसटतंच."
म्हणजे उखर्डू पेशीतही आहे. बरं वाटलं.
दिवसभर तेच डोक्यात — जुनी ओळ पुसायची नाही, तिच्यासमोर नवी लिहायची. आईनं दिलेलं असंच पुढे आलं असेल, ओळीमागून ओळ.

१० सप्टेंबर
कापली.
रत्नानं पील सोलत सोलत नेलं, कांद्यासारखं. मी पाठ करून उभा. बुंधा जाळला. ओला होता, धूर फार.

२ डिसेंबर
नळीत हिरवं आलंय! रत्नानं फोनवर फोटो दाखवला. व्हायरस नाही! मंदाबाईंना हाक मारून दाखवला. त्या "बरं झायं" म्हणाल्या नि लगेच आत गेल्या. माझी बायको लता असती तर गल्लीभर पेढे वाटले असते. तिला जाऊन चार वर्षं होतील.

१४ जानेवारी
जुनं वाण म्हणून लॅबच्या साहेबांना जपून ठेवायचं होतं. त्यासाठी डीएनए इतर वाणांशी जुळवून पाहिला. रत्ना मान खाली घालून म्हणाली, "आबा, हे जुनं वाण नाहीच. आम्ही लाखांनी विकतो तेच आहे. सत्तर-ऐंशी साली इकडे आलेलंच नव्हतं."
"नमुने बदलले असतील तुमच्या लॅबनं!"
"दोनदा केलं."
मी फार बोललो तिला. आईचं वाटोळं केलंत, असंही म्हणालो. ती न जेवता ड्यूटीला गेली.

१५ जानेवारी
रत्ना रागात नाही. रोजच्यासारखा माझा चहा ठेवून ड्यूटीला गेली. ते जास्त लागतं.

१६ जानेवारी
मंदाबाई आज ओट्यावर येऊन बसल्या. नेहमीसारख्या कुंपणावरून नाही. "तुम्ही मोतीबिंदूले धुळे गयथात ना, तव्हय तुमनी केळ वाळी गयथी. पील बी. लताबाई रडी रडी अर्धी व्हयनी. मन्हा भाऊना मळामातून मी दुसरं पील आणं. आबाले सांगू नको, आशी लताबाईनी मले शपथ घालेल व्हती."
म्हणजे धुळ्याहून आल्यापासून ती जाईपर्यंत, आठ वर्षं, मी प्रत्येक घड उतरवताना लताला म्हणायचो — बघ, अगदी आईच्या हातची चव! आणि ती मान डोलवायची.
रत्नाला फोन केला. आधी माफी मागितली. ती म्हणाली, "साहेब विचारतात, आता नळी ठेवायची का? आणि नाव काय घालू?"
म्हटलं, ठेव. नाव लता.