धुऊन आलेला डबा

बीड, शुक्रवार

प्रिय सत्यशीला,

फोन सोडून कागद का घेतला, असं तू म्हणशील. आमच्या घरात रेंज एकाच खिडकीत येते आणि त्या खिडकीखाली यांचा पलंग आहे. तिथं उभं राहून बोललेलं सगळं यांच्या कानात जातं. नेकनूरच्या शाळेत बाई आपल्याला वेगवेगळ्या बाकांवर बसवायच्या तेव्हा चिठ्ठ्याच कामी यायच्या, तसंच समज.

दिवाळीनंतर यांना अटॅक आला, स्टेंट बसवला, हे तुला ठाऊकच आहे. डॉक्टरांनी रोज थोडं चालायला सांगितलं, आणि हेही बजावलं की चालून आल्यावर छाती जड वाटली आणि बसूनही बरं वाटलं नाही, तर लपवायचं नाही. सुरुवातीला सगळं छान होतं. फिरून आले की दारातूनच चहा मागायचे. रमजान लागला आणि काहीतरी बिनसलं. पहाटे फजरची नमाज पढून चालायला जातात, परत येतात ते पायरीवर बसून बुटाच्या नाड्या सोडत राहतात. एवढा वेळ नाड्या कोण सोडतं गं? मग दुपारच्या अजानपर्यंत डावा खांदा चोळत पडून राहतात. विचारलं की एकच, "काय न्हाई, गॅस हाय."

माझा संशयी स्वभाव तुला माहीत आहे. आधी वाटलं, बिडी पुन्हा सुरू झाली. शर्ट हुंगले, ग्रीसशिवाय कसला वास नाही. मग वाटलं, डॉक्टरांनी यांना एकट्याला काही वाईट सांगितलंय. खोटं कशाला बोलू, तुझ्या नवऱ्यावर, गहिनीनाथ भाऊजींवरही संशय घेतला, की ट्रॅक्टर दुरुस्तीला आणून यांना अवजड काम करायला लावतात. माफ कर.

डॉक्टरांनी यांना रोजे ठेवायचे नाहीत म्हणून ठणकावलं होतं. म्हणून दुपारी हे गॅरेजवर निघाले की मी रोज डबा देते. तो डबा धुऊन, चकचकीत होऊन घरी यायला लागला. आमची लेक सहर आता लग्नाची झाली, पण तिच्या अब्बांनी आजवर पाण्याचा पेला जागेवर ठेवलेला मला आठवत नाही. तो माणूस डबा घासून आणतो? दुसरं म्हणजे संध्याकाळी इफ्तारला आमच्यात येऊन बसतात ते अजान होताच आमच्याआधी खजुराला हात घालतात. दुपारी जेवलेला माणूस असा खजुरावर तुटून पडत नाही.

मंगळवारी मी न सांगता यांच्या गॅरेजवर गेले. हे मागच्या बाजूला शेजाऱ्याच्या शेळीला माझ्या हातच्या चपात्या चारत होते! सकाळची गोळी कागदात गुंडाळून खिशात. ती संध्याकाळी सगळ्या गोळ्यांबरोबर एकदमच गिळायची. बाया नवऱ्याला चोरून दारू पिताना पकडतात, मी माझ्या नवऱ्याला चोरून रोजा ठेवताना पकडलं. हसू की रडू ते कळेना. म्हणाले, "ज्यानं परत धाडलं, त्याच्या महिन्यात मी पोट भरून खाऊ व्हय?" मी म्हटलं, "त्यानं काय पुन्हा बोलवायला धाडलंय?"

तसंच दवाखान्यात नेलं. ईसीजीची पट्टी काढली, नवीन अटॅक नाही, पण डॉक्टर लई चिडले. गोळी वेळेवर नाही, पोटात पाणी नाही आणि वर चालणं, मग छाती दिवसभर कुरकुरणारच. दुसऱ्या वेळी एवढ्यावर सुटणार नाही म्हणाले. मौलानांनीही समजावलं की आजाऱ्याला माफी आहे, बदल्यात भुकेल्याला जेवू घाला. तर हे म्हणतात, मौलाना तुझ्या माहेरचा माणूस हाय! रोजे सोडतो म्हणून माझ्यासमोर कबूल झाले आणि काल डबा पुन्हा लख्ख धुऊन आला.

सत्यशीला, मला फार भीती वाटते. रात्री यांचा श्वास ऐकत पडते. मला हा हट्टी माणूस हवाय, अजून पुष्कळ वर्षं हवाय. म्हणून लिहितेय. ईदेपर्यंत भाऊजींना दुपारी गॅरेजवर पाठव. डबा दोघांचा देईन. हे म्हणतील, तुमी खा, माझा रोजा हाय. तेव्हा भाऊजींनी घासाला हात लावायचा नाही. म्हणायचं, "मग आजपासून माझाबी रोजा." भाऊजींना साखरेचा त्रास आहे, उपाशी राहिले की घेरी येते, हे यांना पक्कं ठाऊक आहे. डॉक्टर, मौलाना, मी, कुणाचं ऐकलं नाही यांनी. पण दोस्त उपाशी बसलाय म्हटल्यावर पहिला घास हेच मोडतील. तू मात्र भाऊजींना घरून गुपचूप खाऊ घालूनच पाठव, आणि यांना ते कळू देऊ नको.

तुझीच,
फरीदा