अळणी पान

१२ नोव्हेंबर १९७३, सोमवार

१. सकाळी परभणी स्टेशनवर उतरले. सामान शाबूत.
२. एस.टी.ने सेलू, मग वालूर, पुढे बैलगाडी. धूळ भरपूर. गाडीवान मोठ्यानं गात होता, मला हसू आवरेना.
३. शाळा: दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, एक फळा. मुख्याध्यापक दत्तराव गुरुजी. राहायला मागची खोली.
४. फळ्यावर माझं नाव लिहिलं. रुख्मिणी. मुलांनी ते छपराला धडकेल इतक्या मोठ्यानं वाचलं.
५. प्रयोगाच्या पेटीतली एकही बाटली फुटली नाही.

मी नैरोबीत जन्मले. घरात मराठी बोललो, तरी हा देश मला परकाच. प्रयोगशाळेतली नोकरी सोडून वर्षभर बिनपगारी विज्ञान शिकवायला आले आहे. दादाच्या मते मी महिनाभरात परतेन. बघू.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

जेवणाला गावानं वार लावून दिले आहेत. सात घरं, रोज एक. गुरुवार केशरबाईंचा. त्या साठीच्या, जिभेला धार. नैरोबीत भाकरी झाडाला लागती का, असं त्यांनी विचारलं. मग माझं मनगट धरून, तुमी तर वाऱ्यानं उडून जाताल बाई, खावा की, म्हणत आणखी अर्धी भाकरी वाढली.

एक गोष्ट नोंदवून ठेवते. प्रत्येक घरी दोन पानं वाढलेली असतात. एक माझं, दुसरं भिंतीकडचं. तिथं कोणी येऊन बसत नाही. शेतावरून कोणी यायचं असेल. मी विचारलं नाही. दुसऱ्याच्या घरातलं विचारायची मला सवय नाही.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

केशरबाई आत चुलीपाशी होत्या. माझ्या पाटावर ऊन आलं होतं, म्हणून मी भिंतीकडच्या पाटावर बसले आणि जेवायला लागले. वरण, वांग्याची भाजी, सगळंच अळणी. पानात मीठही वाढलेलं नव्हतं. मागायला संकोच वाटला. पान संपवलं.

केशरबाई बाहेर आल्या आणि त्यांच्या हातातला तांब्या पडला. मग त्या माझ्या पाया पडल्या. जेवलीस गं माय, जेवलीस, असं पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. सकाळपर्यंत मला तुमी म्हणत होत्या.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार

आज नर्मदाबाईंचा वार. एकच पान होतं. तेही अळणी लागलं. त्या म्हणाल्या, मीठ तर घातलंय. वरून घेतलं. फरक नाही.

दुपारी दत्तराव गुरुजींना दुसऱ्या पानाबद्दल विचारलं. त्यांनी हातातली वही मिटली. मग सांगितलं. माझ्याआधी कुसुमबाई होत्या. त्याही बाहेरून आलेल्या, बिनपगारी. गेल्या वर्षी दुष्काळात घराघरांत दाणा नव्हता. वार चुकू लागले. या घराला वाटलं त्या घरी जेवल्या असतील, त्या घराला वाटलं या घरी. लय भिडस्त बाई, गुरुजी म्हणाले, कुणाला मागितलंच न्हाई. शाळेला सुट्टी होती. मागची खोली उघडली तेव्हा उशीर झाला होता.

तेव्हापासून सातही घरं तिचं पान वाढतात. अळणी, कारण मेलेल्यांच्या पानात इथं मीठ घालत नाहीत. नंतर ते गाईला जातं. त्या पानावर आजवर कोणी जेवलं नव्हतं.

५ डिसेंबर, बुधवार

अजून कशालाच चव नाही. तपासायचं ठरवलं. सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले की मीठ असलेलं पाणी दुधासारखं पांढरं होतं.

स्वयंपाकाच्या मिठाचं पाणी: पांढरं. शुद्ध पाणी: स्वच्छ. एका विद्यार्थिनीची लाळ: पांढरी. माझी लाळ: स्वच्छ.

नळी बदलली. घाम घेतला. तोही स्वच्छ.

असं होऊ शकत नाही. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही, हेही नोंदवते.

१४ डिसेंबर, शुक्रवार

मुलं मला कुसुमबाई म्हणतात. मी सुधारलं, तर मी गंमत केल्यासारखी मुलं हसली. आता गावात कुठंच दुसरं पान वाढत नाहीत. सगळे माझ्याशी फार प्रेमानं वागतात.

सातवीला अपूर्णांक चांगले येतात. कोणी शिकवले, विचारलं. बाई, तुमीच की, गेल्या साली. खरं आहे. पिंपळाचं पान फाडून मी त्यांना — म्हणजे तिनं —

२४ डिसेंबर, सोमवार

पेटी भरली. वालूरला जाऊन एस.टी.त बसले. गाडी सुटण्याआधी केशरबाई आल्या, मागोमाग नर्मदाबाई, आणखी बायका. कोणी रागावलं नाही. सगळ्यांच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. आता उपाशी न्हाई ठेवायचो माय, केशरबाई रडत होत्या, आमचं चुकलं, कुठं चाललीस?

सांगायला तोंड उघडलं. आठवेना.

उतरले.

२ जानेवारी १९७४

बोटात सुई टोचली. कळलं नाही. तळवे, गुडघे — तिथंही नाही.

भूक मात्र आहे. रोज दोन घरी जेवते, तरी. ही भूक माझी नाही. इतकी उपाशी मी कधीच —

फळ्यावर नाव लिहायला गेले. रु. पुढे खडू हलेना. मग हलला. मुलांनी वाचलं. कुसुम.

८ जानेवारी

दादा — हे पत्र आधी इथं लिहून बघते. हात आज माझा आहे.

मला येऊन ने. मी निघाले की या बायका भाकरी घेऊन येतात आणि मी उतरते. तू धरून नेलंस तर कदाचित —

शुक्रवार, २५ जानेवारीपर्यंत तार कर. येतोस की नाही, एवढंच. नंतर नको. नंतर तार कोणाच्या हातात पडेल ते —

तारेवर माझं नाव पूर्ण घाल. इथं तार आली की चारचौघांत मोठ्यानं वाचतात. कोणीतरी ते म्हणेल. मी ऐकेन, आणि मला —

दादा, नाव —